वर अजून ऊन होतं

सांगलीत माझं नाव निघालं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, प्रीती चौगुलेसारखे लग्नाचे फोटो कुणी काढत नाही. दोन, तिला रिसेप्शनला बोलावू नका, ती येत नाही. दोन्ही खरं आहे. हळद, अक्षता, सप्तपदी, जेवणावळी, सगळं मी करते. पण दिवस कलला की कॅमेरा पिशवीत आणि मी घरी, समडोळीच्या रस्त्याला. आम्ही जैन. आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत ताटं घासायला गेलेली असतात.

रात्री जेवायचं नाही हा नेम घरात सगळेच पाळतो, मीही पाळते. पण माझे सासरे पाळतात तसा पंचक्रोशीत कुणी पाळत नसेल. नाव जवाहर चौगुले, मी त्यांना मामा म्हणते. अठराव्या वर्षी गावात आलेल्या मुनी महाराजांकडून त्यांनी नेम घेतला. सूर्य गेला की अन्न नाही, पाणी नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य दिसेपर्यंत. आणि घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "घड्याळ माणसानं केलंय. सूर्य कुणी केलाय काय?" असं म्हणतात. रोज संध्याकाळी मागच्या दारी पायरीवर बसून पश्चिमेला बघायचं. तिकडं नजर पोचेल तिथवर ऊस, सगळं सपाट. सूर्य उसाच्या तुऱ्यावर टेकायच्या आत हात धुवायचे, एवढा साधा हिशोब.

त्यात त्यांना साखरेचा आजार. जेवणाआधी पोटात इन्शुलिनची सुई घ्यावी लागते. एकदा सुई घेतली की ताट समोर आलंच पाहिजे. मागं एकदा पाहुणे आले म्हणून वाढायला उशीर झाला, तर माणूस घामानं निथळला आणि जीभ जड झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून झापलं होतं. तेव्हापासून माझ्या सासूबाई, चंदनबाला आत्या, भाकरी तव्यावरून उतरल्याशिवाय सुईचा डबा मामांच्या हातात देत नाहीत.

आता मला सांगा, अशा घरातली सून सूर्यास्ताचे फोटो कधी काढणार? लग्नाला अकरा वर्षं झाली, त्या वेळी माझ्या हातात पळी असते. जनावरांचे, डोंगरांचे फोटो काढायचे म्हणून हौसेनं मोठी लेन्स घेतली. त्या लेन्सनं आजवर टिपलं काय, तर मुलगी सासरी निघाल्यावर खांबाआड रडणारे बाप. ते फोटो उत्तम आले, वाद नाही. पण मनातली हौस मनातच राहिली.

गेल्या मार्गशीर्षात साताऱ्याला मामांच्या भाचीच्या लेकीचा साखरपुडा होता. आत्यांचे गुडघे धरलेले. माझा नवरा, अतिशय त्याचं नाव, द्राक्षबागेत औषध मारायच्या गडबडीत. मग मामांना घेऊन मीच गाडी काढली. साखरपुडा झकास झाला, पण आचाऱ्यानं भाजीत बटाटा घातलेला. मामा जमिनीखालचं काही खात नाहीत. वरण-भाताचे चार घास खाऊन उठले. मी म्हटलं, "एवढ्यावर भागतंय का?" तर म्हणाले, "डबा हाय न्हवं गाडीत? वाटंत खाऊ की." घरी न्यायला कंदी पेढे घेतले आणि आम्ही निघालो.

हायवेला लागतोय तोच संयोगिताचा फोन. संयोगिता माझी मैत्रीण, साताऱ्याची, जंगलातले फोटो काढत हिंडते. मी कुठं आहे ते ऐकून ती ओरडलीच.

"अगं, साताऱ्यात येऊन सरळ घरला निघालीस? सडावाघापूरच्या पठारावर जा! गव्यांचा कळप रोज दिवस मावळताना उघड्यावर येतोय. मी पुण्यात अडकलेय नाहीतर तुला ओढत नेलं असतं."

"दिवस मावळताना," मी म्हटलं. "मला? बरी आहेस ना?"

फोन स्पीकरवर होता. मामांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "गवा म्या नीट बघितल्याला न्हाई."

"मागं उसात शिरला होता की."

"त्यो पळत हुता आन् आमीबी पळत हुतो. त्याला काय बघितलं म्हणायचं?" मग खिडकीतून सूर्याकडं बघून म्हणाले, "अजून लय दिवस हाय. वर जाऊ, जेवू, गवं बघू, तू तुजं फोटू काढ. चल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मामांचं मन फिरायच्या आत मी नागठाण्याहून तारळ्याच्या रस्त्याला गाडी घातली. काय खुशीत होते मी! गाणं म्हणत होते. मामा म्हणाले, "गाऊ नगंस, गाडी चालीव." तरी म्हणत होते.

तारळं मागं टाकलं आणि घाट सुरू झाला. गाडी मी चांगली चालवते, घाटात तर जास्तच चांगली. अर्ध्या चढावर एका वळणाला ऐसपैस जागा होती, आंब्याचं झाड, खाली कुणीतरी मांडून ठेवलेले दगड. मामा म्हणाले, "हितंच जेवू. वर गेल्यावर तू कॅमेऱ्यातनं तोंड काढायची न्हाईस." बोलणं रास्त होतं. मी गाडी कडेला घेईपर्यंत त्यांनी शर्ट वर करून सुई टोचूनसुद्धा घेतली. मी मागून डबा काढला, पाण्याची बाटली काढली, दगडावर पेपर अंथरला.

वळून बघते तर मामा रस्त्याच्या मधोमध उभे. डोंगराकडं बघत होते.

"प्रीती, डबा झाक."

"का?"

"दिवस मावळला."

मी हसले. खरंच हसले. घड्याळ बघितलं, मावळायला अजून चांगलाच अवकाश होता. "मामा, सूर्य डोंगराआड गेलाय. मावळला नाही."

"मग दाव मला कुठं हाय."

"अहो, डोंगराच्या पलीकडं आहे!"

"पलीकडं म्हंजे दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हंजे मावळला. समडोळीत उसाआड जातुया तवाबी पलीकडंच असतुया की. तवा आमी जेवतो काय?"

जन्म सगळा सपाट रानात गेलेला माणूस. सूर्य दिसेनासा झाला म्हणजे दिवस संपला, त्यांच्यासाठी दुसरा अर्थच नव्हता. मी मोबाईल काढून सूर्यास्ताची वेळ दाखवली. "त्यो माणसानं केलाय," म्हणाले. अतिशयला फोन लावला, रेंज नाही. मग मी पेढ्याचा बॉक्स फोडला. "एक पेढा खा. औषध म्हणून खा. सुई घेतलीय तुम्ही!"

"बावन्न वर्सं नेम पाळलाय म्या. घाटातल्या दगडावर मोडू व्हय?"

आणि ओठ घट्ट मिटून ते गाडीत जाऊन बसले. जेवण तर सकाळपासून चारच घास. पोटात इन्शुलिन शिरलेलं. मी खिडकीतून बघितलं तर कपाळावर घाम यायला लागला होता, मार्गशीर्षातल्या गार वाऱ्यात. मांडीवर ठेवलेला हात थरथरत होता.

मी तापट आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, पण सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या वळणावर चढवला. "मेलात तर मी आत्यांना काय सांगू? गवे बघायला नेलं आणि डबा समोर ठेवून मारलं, असं सांगू?" मामांनी डोळे मिटले आणि णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. दवाखाना गाठायचा तर सगळा घाट उतरून, तारळं ओलांडून पार हायवेला जायचं, तोवर हा माणूस शुद्धीत राहील याची खात्री नाही. जबरदस्तीनं तोंडात कोंबावं तर मिटलेले दात कोण उघडणार? आणि खरं सांगायचं तर त्यांचा नेम मोडायला माझाही हात धजत नव्हता. मीही तोच नेम पाळते. बावन्न वर्षं म्हणजे काय असतं ते मला कळतं.

चिडून मी तोंड फिरवलं आणि समोरचा डोंगर दिसला.

आम्ही सावलीत होतो. दरी सावलीत होती. पण समोरच्या डोंगराचा माथा पिवळाधमक होता. माझा धंदाच उजेडाचा आहे. मांडवात कुठून ऊन येतंय आणि किती वेळ टिकणार हे मी झोपेतसुद्धा सांगेन. त्या माथ्यावर ऊन आहे म्हणजे आमच्या डोक्यावरच्या पठारावरही ऊन आहे. सूर्य वर बसलाय आणि आम्ही खाली भांडतोय.

डबा मामांच्या मांडीवर टाकला, पेपर, बाटली तिथंच सोडली आणि गाडी सुरू केली.

"कुठं?" मामा म्हणाले. आवाज जड आला होता.

"दिवस दाखवते तुम्हाला. डोळे उघडे ठेवा."

तो घाट मी कसा चढले ते माझं मला माहीत. दुसरा गियर, हॉर्न, दुसरा गियर, हॉर्न. एक जीप समोरून आली, तिला मी कडेला घ्यायला लावलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला, मीही बोलले. दर वळणावर मामांना हाक मारायची, "मामा!" आणि ते "हूं" म्हणायचे. एका वळणावर हूं आलं नाही. मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला, चांगला कचकून. सुनेनं सासऱ्याला चिमटा काढलेला समडोळीत कुणी बघितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. मामा पुटपुटले, "आयला, काय बाई हाय." एवढ्या शुद्धीत आहेत म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला.

शेवटचं वळण घेतलं आणि ऊन एकदम काचेतून डोळ्यांत घुसलं. मी ब्रेक दाबला.

पठार लांबच लांब पसरलेलं, वाळलेलं गवत, दूर पवनचक्क्या. आणि त्यांच्या मागं क्षितिजावर हातभर उंच सूर्य. लालबुंद, गोल, कुठंही न झाकलेला.

"बघा!" मी ओरडले. "बघा, मावळलाय का?"

मामांनी थरथरता हात डोळ्यांवर धरला. बघितलं. दोन्ही हात जोडले. "हाय की गं," म्हणाले. "हाय की अजून!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी पहिला पेढा त्यांच्या तोंडात घातला, मग दुसरा. ज्या माणसाला दिवाळीत लाडवाचा तुकडा मिळू नये म्हणून मी डबे लपवते, त्याला मी साताऱ्याचे पेढे भरवत होते. मग डबा उघडला. हाताला कंप होता, त्यांना भाकरी मोडता येईना. मी मोडली, उसळीत बुडवली, तोंडापुढं धरली. ते क्षणभर थांबले. सुनेच्या हातून घास घ्यायची त्यांना लाज वाटली असावी. "आ करा," मी म्हटलं. त्यांनी आ केला.

चार-पाच घास गेले असतील. मामा चावता चावता थांबले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागले. "प्रीती. मागं बघ."

"गप खावा."

"आगं गवं हायती."

मी वळले. डाव्या बाजूच्या झाडीतून ते निघाले होते. पुढं माद्या आणि पिल्लांचा घोळका, मागं एकटा बैल. काय जनावर होतं ते! खांद्यावर मांसाचा डोंगर, पायांत पांढरे मोजे, अंगावर सूर्याची तांबडी कड. उघड्या गवतात, बरोबर सूर्याच्या रेषेत येऊन तो उभा राहिला. अकरा वर्षं मी मनात जो फोटो काढत होते तो समोर उभा होता. आणि माझा हात उसळीनं माखलेला, हातात भाकरी.

मी परत मामांकडं तोंड केलं आणि पुढचा घास मोडला. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल. लय वाईट वाटलं. डोळे भरून आले, पण घास मोडला.

मामांनी तो घेतला नाही. माझ्या हातातून डबा काढून घेतला. त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला होता, हात पुष्कळ स्थिर झाला होता. "माजं मी खातो. कॅमेरा घे."

"तुम्ही आधी..."

"घे म्हंतो न्हवं?"

मी साडीला हात पुसला आणि मागच्या सीटवरून कॅमेरा ओढला. गाडीच्या टपावर लेन्स टेकवली. श्वास धरला, फोकस बसला. पहिला फोटो, दुसरा. बैलानं मान वळवली. वाऱ्यानं गवत हललं. सूर्य खाली खाली सरकत होता आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा त्याला जाताना बघत होते, तेही लेन्समधून.

तेवढ्यात दार वाजलं. मामा उतरून गाडीला धरत माझ्या बाजूला आले होते.

"तू जेवलीस?"

मी डोळा काढला नाही. "नाही. राहू दे, एक रात्र उपाशी राहिले तर मरत नाही."

"गाडी चालवायची हाय तुला. घाट उतरायचा हाय." मग जरा थांबून, "तू फोटू काढ. तोंड उघड."

"मामा, काहीतरीच काय!"

"उघड म्हंतो न्हवं? सूर्य अजून हाय!"

मी तोंड उघडलं. मामांनी भाकरीचा घास माझ्या तोंडात घातला. सासऱ्यांनी, अकरा वर्षांत ज्यांनी माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता त्यांनी. मी चावत होते आणि बटण दाबत होते. रडतही होते बहुतेक, कारण फोकस पुन्हा पुन्हा पुसट दिसत होता. मामांचा एक डोळा सूर्यावर आणि एक माझ्या तोंडावर.

"अर्धा हाय अजून. खा, खा. आता चतकूर हाय. लवकर गिळ. त्यो बघ, त्यो मोठा, मान वर केली बघ, त्याला घे!"

शेवटची लाल कड दिसेनाशी झाली तेव्हा मामांचा हात माझ्या तोंडापाशी आलेला होता. तो तिथंच थांबला. घास त्यांनी डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं. "झालं," म्हणाले. गवे अजून चरत होते. आम्ही दोघं गाडीला टेकून, ते दिसेनासे होईपर्यंत बघत उभे राहिलो. मग मामा म्हणाले, "ह्ये तू रोज का काढत न्हाईस?" मी लेन्सला झाकण लावलं आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

फोटो उत्तम आलेत. संयोगितानं बघून मला तोंडभर शिव्या दिल्या, म्हणजे खरंच उत्तम आलेत. त्यातला सगळ्यात भारी फोटो मोठा करून मी स्टुडिओत लावायला काढला. बैल, मागं अर्धा सूर्य, गवताच्या काड्या पेटल्यागत. फक्त उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी, पुसट डाग आहे. "त्यो बघ, त्यो मोठा" म्हणत मामांनी हात लांब केला होता, तो लेन्सपुढं आला. नीट बघितलं तर बोटं कळतात आणि बोटांतला भाकरीचा तुकडा कळतो.

अतिशयनं फोटो निरखून बघितला. म्हणाला, "एवढा भारी फोटो, आणि कोपऱ्यात हे काय? ते काढून टाक ना कॉम्प्युटरवर."

मी म्हटलं, "काढायचंच असलं तर गवा काढ."